सावडीचा अर्धा दिवस

सलोनीला चिखलात उतरवलं ते वरचीवाडीच्या आवडीताईने. माझा त्यात काडीचाही हात नव्हता, हे मी सुहास सरांना तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते. मी त्या वेळी बांधावर कपाळाला हात लावून उभी होते.

आमची फायनान्स कंपनी छोटी. महाडच्या बाजारपेठेत औषधाच्या दुकानावर मुख्य ऑफिस, एक शाखा बिरवाडीत आणि एक पोलादपूरला. बायकांचे गट बांधायचे, एकीला दुसरीचा जामीन ठेवून छोटी कर्जं द्यायची, आणि दर पंधरवड्याला वाडीतल्या केंद्रावर बैठक घेऊन हप्ते जमा करायचे, एवढंच आमचं काम. सुहास सरांनी बँकेतली चांगली नोकरी सोडून हे सुरू केलं. मी पोलादपूर शाखेची मॅनेजर. स्वभाव तापट आहे, ते मी लपवत नाही. माझे बाबा तहसील कचेरीत कारकून होते. ते म्हणायचे, राजश्रीला वकील करायला हवं होतं, निदान भांडायची फी तरी मिळाली असती.

गेल्या वर्षी सरांना कंपनी वाढवायची होती आणि भांडवल कुठून येईना. बँका हात आखडून बसल्या होत्या. तेव्हा मुंबईचा एक फंड पुढे आला. ही मंडळी मोठ्या लोकांचा पैसा घेऊन आमच्यासारख्या कंपन्यांत भागीदारी करतात, काही वर्षं कंपनी वाढवतात, मग आपला हिस्सा फायद्यात विकून बाहेर पडतात. यात लपवाछपवी नसते, ते पहिल्याच दिवशी तसं सांगतात. त्यांनी आमची खाती तपासली, शाखांचे आकडे मागवले आणि नेमकं माझ्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं. बिरवाडीत कारखान्यातल्या कामगारांच्या चाळी एकाला एक लागून आहेत, तिथे दुपारपर्यंत चार बैठका होतात. पोलादपूरच्या डोंगरात एका बैठकीला माझ्या माणसाचा अख्खा दिवस जातो, पेट्रोल वेगळं, आणि पावसाळ्यात गाडी ढकलायची ती वेगळीच. तेव्हा डोंगरातली केंद्रं बंद करा, मग आम्ही पैसा घालतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

हिशोब चूक होता असं मी म्हणत नाही. तो बरोबर होता म्हणून तर माझं डोकं जास्त फिरलं.

कारण मी आवडीला शब्द दिला होता. उमरठच्या वर, जिथे डांबर संपतं आणि मग लाल माती पण संपते, तिथे वरचीवाडी आहे. घरटी एक तरी माणूस मुंबईला. वाडीत राहतात बायका, म्हातारी माणसं आणि शेती. भात भरडायचं तर पोतं डोक्यावर घेऊन खाली उमरठला उतरायचं आणि तांदूळ घेऊन परत चढायचं. आवडी तिथल्या केंद्राची प्रमुख. तिला वाडीतच एक छोटी गिरण बसवायची होती. गटाने पहिली सगळी कर्जं फेडली होती, आता मोठं कर्ज मिळणार होतं, आणि मीच तिला म्हटलं होतं, दिवाळीआधी तुमचं भात तुमच्या ओटीवर भरडलं जाईल. नंतर फंडाचं बोलणं सुरू झालं आणि डोंगरातली नवी कर्जं थांबली. आवडी फोनवर विचारायची, "गिरनीचं काय झालं गो?" मी म्हणायची, चाललंय. फोन ठेवला की मला स्वतःचाच राग यायचा.

शेवटचा निर्णय होण्याआधी फंडातली एक मुलगी म्हणाली, बंद करायचं ते निदान बघून तरी बंद करू. तीच ही सलोनी. ठाण्यात वाढलेली, चष्मा, पाठीवर लॅपटॉप, बोलायला गोड आणि प्रश्नांना चिवट. मी वरचीवाडीला निरोप धाडला: बरोबर दहाला बैठक, सगळ्या हजर पाहिजेत, इस्त्रीच्या साड्या नेसा, आणि कोणी मध्येच उठून जायचं नाही.

आम्ही पोचलो तर ओटीवर एक कोंबडी बसलेली. बाकी कोणी नाही.

जुलै अर्धा सरला होता. दोन दिवस खाचरात हवं तसं पाणी साठलं होतं आणि सगळ्या वाडीची भाताची लावणी एकदम आली होती. त्या दिवशी पाळी आवडीच्या खाचराची. सगळ्या बायका तिथे वाकलेल्या, अंगावर प्लास्टिकची खोळ, आणि गाणं चाललेलं. मी बांधावरून ओरडले, "आवडीताई! दहा म्हटलं होतं ना?"

"दहा कंदीच वाजलं," आवडी मान वर न करता म्हणाली. "रोपं काय तुमच्या घड्याळाला थांबत्यात?" मग तिला सलोनी दिसली. "बांधावर उभं ऱ्हाऊ नका बाय. खाली उतरा नायतर बाजूला व्हा. बांध मोडंल."

मी सलोनीला बाजूला घेणार, तोवर तिने बूट काढले होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरली की हो खाली! मला वाटलं, एक मूठ लावेल, फोटो काढेल आणि वर येईल. पण ती वर येईचना. वाकून लावत होती आणि शेजारणीला विचारत होती, पहिलं कर्ज कशाला घेतलंत, एखादीने हप्ता चुकवला तर काय करता, नवरा विचारतो का. बायका पण हाताने लावत होत्या आणि तोंडाने उत्तरं देत होत्या. तिची ओळ एवढी वाकडी गेली की वैशाली, जी गटात सगळ्यांत तरुण आणि बारावी झालेली आहे, ती हसून हसून चिखलात बसली. माझी बैठक अशी पार पडली. इस्त्रीची साडी एकटी मीच नेसून आले होते.

दुपारी बांधाजवळच्या आंब्याखाली जेवण. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, कांदा. सलोनी दोन भाकऱ्या जेवली, पाय धुतले, सगळ्यांना नमस्कार केला आणि गाडीत बसली. जाताना मला म्हणाली, "राजश्रीताई, मी माझ्याकडून लिहीन चांगलं. पण फंडात शेवटचा शब्द नीला मॅडमचा, आणि त्या आकड्याशिवाय ऐकत नाहीत."

आता सावड म्हणजे काय ते सांगायला हवं. आज तू माझ्या खाचरात, उद्या मी तुझ्या. दिवसाला दिवस. मजुरी द्यायची नाही, पैशाचं नाव काढायचं नाही. ज्याच्या शेतात काम त्याने जेवण घालायचं, आणि आलेल्या माणसाचं काम त्या हंगामातच फेडायचं. काम निघालं की तो बोलावतो, आणि बोलावलं की जावंच लागतं. सलोनीने दुपारपर्यंत लावणी केली होती आणि वर आवडीची भाकरी खाल्ली होती. म्हणजे ती सावडीत आली. हे सलोनीला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही सुचलं नाही. मी महाड शहरातली, आमच्या घरी शेती म्हणजे गॅलरीतली तुळस.

वाडीतली लावणी संपत आली तशी आवडीला घोर लागला. हंगाम सरतोय आणि एका बाईचं देणं राहिलंय. तिने वैशालीला सलोनीला फोन लावायला सांगितलं. पुढचं मला नंतर वैशालीने सांगितलं, ते असं.

"मॅडम, तुमचं काम कधी निघतंय?" वैशालीने विचारलं.

"काम?" सलोनी हसली. "अगं, आमचं ऑफिस हलतंय. सातव्या मजल्यावरून सहाव्यावर. बुधवारी ढीगभर सामान उचलायचंय. या तुम्ही सगळ्या!"

तिने थट्टा केली. इकडे वाडीत बोलावणं आलं.

आणि नेमक्या त्याच बुधवारी सुहास सर आणि मी मुंबईत, त्याच ऑफिसात, फंडाच्या समितीपुढे बसलो होतो. बाहेर बोळात खोक्यांच्या भिंती रचलेल्या. सामान हलवणारी माणसं आपल्या टेम्पोसकट पावसात कुठेतरी पाण्यात अडकली होती, म्हणून सगळे वैतागलेले. आत टेबलाच्या टोकाला नीला मॅडम. पांढरे आखूड केस, कडक इस्त्री, आवाज मात्र मऊ. सलोनीने मनापासून सांगितलं, बायका कशा आहेत, एकमेकींना कशा धरून आहेत. मॅडमनी शांतपणे ऐकलं.

"बायका चांगल्या आहेत याबद्दल मला शंका नाही," त्या म्हणाल्या. "पण चांगुलपणा तारण म्हणून धरता येत नाही, सलोनी. तिथे जायला खर्च इतका, आणि उद्या एखादं वर्ष वाईट गेलं तर त्या परत करतीलच असं कशावरून?"

"आजवर केलंय," मी म्हटलं.

"आजवर," मॅडम म्हणाल्या.

सुहास सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी ओळखलं की हा माणूस आता हो म्हणणार. त्यांचाही दोष नव्हता. पैसा आला नसता तर बिरवाडीची शाखा पण धापा टाकत होती. मला आवडीचा आवाज ऐकू यायला लागला, गिरनीचं काय झालं गो. माझे डोळे भरले आणि मला भरल्या डोळ्यांनी भांडता येत नाही. सरांनी घसा साफ केला.

तेवढ्यात दार उघडून रिसेप्शनची मुलगी आत आली. "सलोनी मॅडम, खाली पाच बायका आल्यात. तुम्ही कामाला बोलावलंय म्हणतात. गार्ड सोडत नाहीये, आणि त्या जात नाहीयेत."

सलोनीचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझाही झाला असावा.

त्या वर आल्या. पुढे आवडी, मागे वैशाली आणि आणखी तिघी. आदल्या दिवशी पोलादपूरहून एसटीने निघालेल्या, आवडीच्या भावाच्या, चांगूच्या खोलीवर मुक्काम केलेला, आणि सकाळी चांगूनेच इथे आणून सोडलेल्या. लावणीत नेसतात तशी काष्टा घातलेली लुगडी, हातात एकेक चुंबळ. सामान डोक्यावरून न्यायचं असणार, हे घरूनच ठरवून आल्या होत्या. आवडीने त्या काचेच्या भिंती, ते गालिचे काही पाहिलं नाही. खोकी पाहिली.

"एवडंच?" ती म्हणाली.

"आवडीताई, तुम्ही इथे कशाला?" माझ्या तोंडून निघालं.

"फेडायला आलो," ती म्हणाली. "ही बाय आमच्याकडं दुपारपतोर राबली. हंगाम सरला तर आमचं तोंड काळं नाय व्हायचं?"

मग त्यांनी आम्हाला विचारलं पण नाही. लिफ्टमध्ये माणसंच मावत नव्हती, म्हणून त्यांनी जिना धरला. पण सातव्या ते सहाव्या मजल्याला पाच बायका पुरणार नाहीत, हे आवडीने एका नजरेत पाहिलं आणि दिसेल त्याला ओळीत उभं केलं. टाय लावलेली मुलं, हिशोबनीस, रिसेप्शनची मुलगी, सुहास सर. मला तर तिने दंडाला धरून उभं केलं. खोकी या हातातून त्या हातात जायला लागली. वैशालीने गाणं धरलं. तिसऱ्या ओळीला टायवाली मुलं पण ओरडायला लागली, शब्द सगळे चुकीचे.

समितीची बैठक अशी अर्धवट सोडून सगळे कुठे गेले ते बघायला नीला मॅडम बाहेर आल्या आणि जिन्याच्या वळणावर उभ्या राहिल्या.

"बाय, जिन्यात उभं ऱ्हाऊ नका," वरून आवडी ओरडली. तिला काय ठाऊक या कोण. "हात लावा नायतर बाजूला व्हा!"

 सलोनीने डोळे मिटले. मॅडमनी घड्याळ काढून खिशात टाकलं आणि हात पुढे केले. आवडीने त्यांच्या हातात जे खोकं दिलं ते त्यांचं स्वतःचंच होतं, वर नाव लिहिलेलं, आणि चांगलं जड होतं.

दुपारी आवडीने विचारलं, "जेवान काय हाय?" ज्याचं काम त्याने जेवण घालायचं, हे आता सलोनीला पुरतं समजलं होतं. तिने धावत जाऊन पावभाजी मागवली. बायकांनी पण भाकऱ्या आणि सुकट आणलीच होती, नेहमीची सवय. ती सुकट त्या गार ऑफिसात उघडल्यावर जो वास सुटला तो सातव्या आणि सहाव्या दोन्ही मजल्यांना कळला. मॅडम खोक्यावर बसून जेवल्या. कालवण परत मागून घेतलं.

जेवण झाल्यावर सलोनी म्हणाली, "झालं की आता. मी दुपारपर्यंतच आले होते. तुमचं फिटलं."

"आनि ही खोकी?" आवडी म्हणाली. "काम अर्ध्यावर टाकून कोन जातं गो?"

टेम्पोतली माणसं संध्याकाळी आली. तोवर सातवा मजला रिकामा झाला होता. आवडीने चुंबळ झटकली आणि सगळ्यांदेखत हिशोब सांगितला, डोकी नाही, नुसते दिवस मोजून. "सलोनीबाय दुपारपतोर. आमी सांजपतोर. म्हंजे आता आमचाच अर्धा दिस तुमच्याकडं निघतो."

मॅडमनी पर्सकडे हात नेला. "मॅडम, नको," सलोनी घाईने म्हणाली. "पैसे चालत नाहीत. जाऊन लावणी करावी लागते, आणि यंदाची तर संपलीच आता."

"आणि नाही गेलं तर?" मॅडमनी वैशालीला विचारलं. त्यांचा सकाळचाच प्रश्न होता तो, मला बरोबर आठवत होता.

"नाय गेलं तर?" वैशाली विचारात पडली. तिने आवडीकडे पाहिलं, आवडीने बाकीच्यांकडे. "काय म्हाईत नाय मॅडम. तसं कोनी केलं नाय अजून."

मॅडमनी खिशातलं घड्याळ काढून परत मनगटावर बांधलं. पावसाचं पाणी काचेवरून ओघळत होतं. मग त्या सुहास सरांकडे वळल्या. "वरचीवाडीचं केंद्र पुढच्या लावणीला असेल का?"

 सकाळी हो म्हणायला तोंड उघडलं होतं सरांनी, ते मला दिसलं होतं. ते हळूच म्हणाले, "ते तुम्ही सांगायचं, मॅडम."

"असेल!" मी म्हटलं, आणि एवढ्या मोठ्याने म्हटलं की रिसेप्शनची मुलगी दचकली.

"असायलाच हवं," मॅडम म्हणाल्या. "मी कुठूनही बाहेर पडते तेव्हा कुणाचं देणं ठेवून पडत नाही. पण खर्चाचं मला काहीतरी करून हवंय, राजश्री. बैठक महिन्यातून एकदाच, दोन वाड्यांची मिळून. मधले हप्ते फोनवरून. जमेल?"

मला हे दोन वर्षांपूर्वीच करता आलं असतं, पण ते तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, जमेल. मग मी सहाव्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत जाऊन मनसोक्त रडले. आनंदाने रडताना माझं नाक फार लाल होतं, म्हणून दार लावून घेतलं.

गिरण दिवाळीआधी बसली. पहिल्या दिवशी वाडीतल्या म्हाताऱ्या नुसत्या तिचा आवाज ऐकायला ओटीवर येऊन बसल्या होत्या. पहिल्या तांदळाची भाकरी आवडीने मला खाऊ घातली, आणि मी ती खाताना परत रडले, तेव्हा ती म्हणाली, "काय बाय हाय, भांडतंय तरी नायतर रडतंय तरी."

आणि या जुलैमध्ये नीला मॅडम आल्या. मला वाटलं होतं, काहीतरी निमित्त काढतील. नाही. सलोनीला घेऊन आल्या, जुना सलवार-कमीज, केसांना रुमाल. बांधावर क्षणभर थांबल्या. आवडीने नुसतं पाहिलं, तशा चटकन उतरल्या. पाठ दुखत होती तरी कण्हल्या नाहीत, फक्त ओळ सलोनीपेक्षा वाकडी गेली आणि सलोनीला त्याचा फार आनंद झाला.

दुपारी त्यांनी पाय धुतले. "फिटला अर्धा दिवस," म्हणाल्या, आणि आंब्याखाली ऐसपैस बसून जेवल्या. जेवण झाल्यावर आवडीने काही न बोलता त्यांच्या हातात रोपांची जुडी ठेवली.

"हे काय?"

"त्या तिकडचं खाचर ऱ्हायलंय."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दामच दुसरीकडे बघत होते. त्या उठल्या, ओढणी खोचली आणि परत उतरल्या. संध्याकाळी शेवटची मूठ लावून झाली तेव्हा त्यांच्या चष्म्यावर पण चिखल होता. आवडी कमरेवर हात ठेवून उभी होती आणि तिला हसू आवरत नव्हतं.

"आता अर्धा दिस परत आमच्याकडं आला," ती म्हणाली. "हंगाम सरायच्या आत फेडू. मॅडम, हापिस परत कंदी हलवताय?"

मॅडमनी चिखलाच्या हाताने कपाळावरचे केस मागे सारले आणि खरोखरच विचार केला.

"बघते," त्या म्हणाल्या. "पाचवा मजला रिकामा आहे म्हणतात."